भाटी पेटली की या

गोव्यात यायला चांगला काळ कुठला, असं कुणीही विचारलं की आम्हा सगळ्यांकडे एक पाठ केलेलं उत्तर असतं: नोव्हेंबर ते फेब्रुवारी. आभाळ स्वच्छ, समुद्र शहाण्यासारखा वागतो, रात्री पंखा दोनवर ठेवला तरी भागतं. हॉटेलांचे दरही हेच सांगतात. नाताळच्या आठवड्यात कळंगुटची साधी खोलीसुद्धा असा भाव खाते की विचारायची सोय नाही. उत्तर बरोबरच आहे, फक्त ते किनाऱ्याचं उत्तर आहे. मी राहते साखळीत. इथून समुद्र तासाभरावर आणि वाळपई अर्ध्या तासावर. होंडा गाव मागे टाकून सत्तरी तालुक्यात आणखी आत शिरलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना काजूचे डोंगर लागतात. तिथलं पंचांग निराळं.

माझं माहेर नाशिकचं. त्यामुळे हा वाद आमच्या घरात दर दिवाळीला होतो. दादाचा फोन येतो, "अगं, यंदा डिसेंबरात सुट्टी टाकतोय. तुमच्याकडची ती फेणीची भट्टी दाखव. वाईनरीसारखी टूर असते ना तिथे?" मी सांगते, डिसेंबरात आमच्याकडे भाटीच नसते. "नसते म्हणजे? बंद असते?" बंद नव्हे, नसतेच. चार खांबांवर झावळ्यांचं नाहीतर पत्र्याचं छप्पर, खाली चूल, चुलीवर तांब्याचं भाण. हंगाम संपला की भाण घासूनपुसून घरी येतं आणि छपराखाली लाकडं रचली जातात. डिसेंबरात नेऊन दाखवायचं काय, तर लाकडं.

नाशिकच्या माणसाला हे पटत नाही, कारण नाशिकनं त्याला लाडावून ठेवलंय. तिथे सगळं एका वेळी मिळतं. जानेवारी ते मार्च द्राक्षाची काढणी, त्याच दिवसांत गुलाबी थंडी, संध्याकाळी अंगावर शाल. १९९९ मध्ये सुला सुरू झाली, मागोमाग बाकीच्या वाईनरी आल्या, आणि द्राक्षाचा हंगाम म्हणजेच पर्यटनाचा हंगाम हे समीकरण लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं. पण हा काही निसर्गानं दिलेला योग नाही. युरोपात द्राक्षं उतरतात सप्टेंबरच्या आसपास, उन्हाळा सरताना. नाशिकचा शेतकरी वेलीला कात्री लावतो, दोनदा. एप्रिलात खरड छाटणी, मग पाऊस सरत आला की फळछाटणी. या दुसऱ्या कात्रीवर ठरतं की घड कधी लागणार आणि साखर कधी भरणार. म्हणजे वेलीचं वर्ष माणसानं आपल्या सोयीनं फिरवून घेतलंय. माझ्या काकांचा अर्धा हिवाळा कुठल्या प्लॉटची छाटणी कधी घेतली याचा हिशेब करण्यात जायचा.

काजूला कात्री लागत नाही. म्हणजे वाळक्या, आडव्यातिडव्या फांद्या काढतात, पण हंगाम पुढेमागे सरकवणारी छाटणी नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर ब्राझीलहून हे झाड आलं आणि इथल्या जांभ्या दगडाच्या उघड्या डोंगरांवर असं काही रुजलं की आज गोव्यात पन्नास हजार हेक्टरांहून जास्त जमीन काजूखाली आहे. पाणी द्यावं लागत नाही, लाड करावे लागत नाहीत. मात्र ते आपल्या वेळेला फळतं, आणि ती वेळ म्हणजे वर्षातली माणसाला सगळ्यात नकोशी वाटणारी. फेब्रुवारीच्या अखेरीला सुरुवात, मार्चच्या मध्यापासून एप्रिल संपेपर्यंत भर, आणि मे महिन्यात कधीतरी वळिवाचा पाऊस येऊन सगळ्यावर पाणी.

या नकोशा दिवसांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण गोव्याचा उकाडा म्हणजे मे महिना असा समज आहे आणि तो अर्धाच खरा आहे. आमच्याकडे कडक ऊन तापतं ते मार्चमध्ये. एरवी दुपार व्हायच्या सुमारास समुद्रावरून खारा वारा सुटतो आणि पारा तिथेच अडतो. मार्चमध्ये काही दिवस असे येतात की वारा उलटा, पूर्वेकडून येतो. दख्खनच्या तापलेल्या पठारावरून निघून, सह्याद्री उतरताना आणखी तापत, कोरडा ठणठणीत. समुद्रवारा आत शिरायलाच उशीर करतो, आणि त्या दिवशी पणजीसारख्या पाण्याच्या काठावरच्या शहरातही पारा ३७ अंशांच्या पुढे जातो. सत्तरी तर डोंगरांच्या पायथ्याशी, तिथे विचारू नका. मे महिन्यात पारा त्या मानानं खाली असतो, पण हवेत इतकं पाणी असतं की माणूस नुसता बसून भिजतो. मार्चचं ऊन अंग भाजतं, मे महिन्याची हवा अंगाला चिकटते. माझी निवड विचाराल तर मार्च. सावली मिळाली की मार्चमध्ये बरं वाटतं. मे महिन्यात सावलीचाही उपयोग नसतो.

या कोरड्या वाऱ्याची दुसरी बाजूही आहे. २०२३ च्या मार्चमध्ये म्हादई अभयारण्यात वणवे लागले ते कितीतरी दिवस विझेनात. शेवटी हवाई दलाची हेलिकॉप्टरं पाण्याच्या बादल्या घेऊन आली. काजूच्या झाडाखालचा पाचोळा साफ करण्यासाठी लावलेली आग हे एक कारण तेव्हा चर्चेत होतं. खाली पडलेला बोंडू, म्हणजे काजूचं फळ, दिसावा म्हणून झाडाखालची जमीन मोकळी करावी लागते, आणि काही जण ती झाडण्याऐवजी पेटवतात. आमच्याकडे आबा, म्हणजे माझे सासरे, पाचोळा गोळा करून माडांच्या आळ्यात घालायला लावतात. त्यावरून घरात कुरकुर चालते, कारण हे काम बायकांच्या वाट्याला येतं.

आता भाटीकडे वळू. केरीच्या बाजूला आमच्या नात्यातल्या एकांची भाटी आहे, चोर्ला घाटाचा रस्ता जिथे चढायला लागतो त्याच्या अलीकडे. तिथे जायचं तर सकाळी जायचं. काजूचं फळ झाडावरून तोडत नाहीत, पूर्ण पिकून आपसूक पडलेलंच घेतात. आधी बी मोठी होते, हिरवीगार, आणि शेवटच्या काही दिवसांत बोंडू मागून फुगतो. मग कधी पिवळा, कधी लालभडक होऊन बीसकट खाली येतो. ऊन चढायच्या आत तो वेचायचा. हातात लांब काठी, टोकाला खिळा. बाई वाकत नाही, चालता चालता खिळ्यानं बोंडू टोचते आणि पाटीत पाडते. पाटी भरली की बी पिरगळून वेगळी. बीला बाजारात भाव आहे, बोंडू भाटीचा. वेचणाऱ्यांचे कपडे नीट पाहिलेत तर सगळ्यांवर तपकिरी डाग दिसतील. काजूच्या रसाचा डाग कुठल्याही साबणानं जात नाही, म्हणून या दिवसांत नेसायचं लुगडं वेगळंच काढून ठेवलेलं असतं.

बोंडू मळण्यासाठी जांभ्या दगडात कोरलेली उथळ कुंडी असते, एका बाजूला उतार आणि रस वाहून जायला भोक. पूर्वी अनवाणी तुडवायचे, हल्ली गमबूट घालतात, आणि बऱ्याच ठिकाणी यंत्र आलंय. तुडवून झाल्यावर चोथ्याचा ढीग करतात, वेलीनं नाहीतर दोरानं घट्ट बांधतात आणि वर मोठा धोंडा ठेवतात. तुडवताना निघाला तो रस भाटीचा. या धोंड्याखालून रात्रभर थेंबथेंब गळतो तो निरो. सकाळी सातला मिळाला तर प्यावा. गोड, किंचित तुरट, घशात जरासा धरतो, आणि आंबा, फणस, ऊस यांपैकी कशाचीच आठवण देत नाही. दहा वाजेपर्यंत त्यात बुडबुडे यायला लागतात. त्या वेळी तो लहान मुलांचा राहत नाही. किनाऱ्यावर बाटलीतला निरो मिळतो म्हणे. असेल. थंडगार पेटीतून आलेला निरो आणि धोंड्याखालचा निरो यांत फरक आहे, एवढंच म्हणते.

भाटीचा रस मडक्यांत नाहीतर पिंपांत भरून ठेवतात. त्यात यीस्ट घालत नाहीत, साखर घालत नाहीत, हवेतलं आणि सालावरचं जे काय असतं तेच काम करतं. साधारण तीन दिवस. इथे हवा पुन्हा कामाला येते. रात्री उकाडा असेल तर रस चटकन आंबतो, फेस वर येतो, बसतो, आणि भाटीवाला कान लावून ऐकतो तेव्हा आतला चुरचुर आवाज थांबलेला असतो. मळभ आलं, गारवा आला की सगळं रेंगाळतं. मी एकदा अशाच ढगाळ सकाळी पाहुण्यांना घेऊन गेले होते. भाटीवाल्या काकांनी आभाळाकडे बोट केलं, "आयज मळब आसा, रोस अजून शिजूंक ना. फाल्यां या." म्हणजे उद्या या. पाहुण्यांची दुपारची गाडी होती.

आंबलेला रस भाणात ओतून वर झाकण, सांधे ओल्या मातीनं आणि फडक्यानं लिंपलेले. खाली लाकडाचा जाळ. वाफ पाण्याच्या टाकीतल्या तांब्याच्या नागमोडी नळीतून फिरते, थंड होते आणि पलीकडे धार लागते, शिवणाच्या दोऱ्याएवढी. पहिल्या गाळपात मिळतो तो हुर्राक. हुर्राकात पुन्हा आंबलेला रस मिसळून दुसऱ्यांदा गाळला की फेणी. ताकद मोजायला काचेची नळी असते, तिच्यावर ग्राव, म्हणजे अंश. १९ ग्रावाची फेणी म्हणजे हल्लीच्या बाटल्यांवरच्या भाषेत ४२-४३ टक्के. जुने भाटीवाले बाटली हलवतात, बुडबुड्यांचे मणी किती वेळ टिकतात ते बघतात, आणि मग खात्रीसाठी नळी बुडवतात. आमच्या काकांचा अंदाज नळीशी जुळला की ते इकडेतिकडे बघतात, कुणी पाहिलं का म्हणून.

धूर, उष्णता, आंबट-गोड वास आणि वर एप्रिलचं ऊन. भाटीखाली दहा मिनिटं उभं राहिलात तर घामानं निथळाल. नाशिकच्या टेस्टिंग रूममध्ये एसी असतो, समोर द्राक्षाच्या ओळी, मागे हलकं संगीत. इथे बसायला उलटं ठेवलेलं पिंप आहे. दादाला मी हे आधीच सांगून ठेवलंय, नंतर तक्रार नको.

हुर्राक मात्र इथेच प्यायचा असतो, आणि आत्ताच. फेणी वर्षानुवर्षं टिकते, जुनी होते तशी मऊ होते, तिला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ मध्ये सरकारनं तिला वारसा पेयाचा दर्जा दिला, ती विमानतळावरच्या दुकानात नक्षीदार बाटलीत बसते. हुर्राकाला यातलं काही नाही. तो हंगामाबरोबर येतो, हंगामाबरोबर जातो. ठेवला तर चव उतरते. म्हणून मार्च-एप्रिलमध्ये डिचोली, साखळी, वाळपईतल्या बारच्या दारावर खडूनं लिहिलेली पाटी झळकते, 'हुर्राक आयला'. ग्लासात हुर्राक, वर लिम्का, लिंबाची फोड, चिमूटभर मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची. मिरचीला नाकं मुरडणारे मुंबईकर पाहुणे दुसऱ्या ग्लासाला स्वतःहून मिरची मागतात. एक सावधगिरीची सूचना: हा प्रकार सरबतासारखा उतरतो, आणि उठताना कळतं. गाडी चालवणाऱ्यानं निरोवर भागवावं.

आमच्या घरी पिणारे कमी, पण कपाटात एक फेणीची बाटली कायमची. सर्दी झाली की छातीला चोळायला, तान्ह्यांच्या आयांचं अंग चोळायला. सासूबाई तिला 'वखद' म्हणतात आणि देवघराच्या शेजारच्या फळीवर ठेवतात. सत्तरीतली बरीच घरं अशीच आहेत, विठ्ठलाची वारी करणारी आणि भाटी लावणारी, एकाच वेळी. यात कुणाला विसंगती वाटत नाही. काजूच्या तीन महिन्यांवर मुलांची फी, लग्नाचं कर्ज आणि पावसाळ्याची बेगमी निघते.

भाटी म्हणजे कुणीही उठून लावायची गोष्ट नाही. हंगामाआधी अबकारी खात्यातर्फे काजूच्या क्षेत्रांची पावणी होते. ज्याची बोली चढेल त्याला त्या क्षेत्रात गाळायचा हक्क. पावणीच्या वेळी सगळ्यांचं लक्ष मोहोराकडे असतं. बोली किती लावायची हे झाडं बघूनच ठरतं, आणि झाडं बघून केलेला अंदाज पुढच्या तीन महिन्यांच्या हवेवर टांगलेला. पैसे आधी, पीक नंतर. या जुगारापुढे किनाऱ्यावरचे कॅसिनो मला पोरकट वाटतात.

इथे डिसेंबरची थंडी पुन्हा गोष्टीत येते. पाऊस ओसरला की काजूला तांबूस नवी पालवी फुटते आणि नोव्हेंबरपासून जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत मोहोर येत राहतो. मोहोर धरल्यापासून फळ पिकायला साधारण दोन महिने. या काळात काजूला हवं असतं ते स्वच्छ आभाळ, कोरडी हवा आणि गार रात्री. म्हणजे पर्यटकाला हवं तेच. बागेतल्या शेकोटीजवळ बसून तुम्ही ज्या थंडीचं कौतुक करता तिच्यावर आमचा एप्रिल उभा असतो. पाऊस लांबला, नोव्हेंबर ओला गेला, तर मोहोर उशिरा येतो आणि अख्खा हंगाम पुढे सरकून वळिवाच्या तोंडी सापडतो. डिसेंबर-जानेवारीत मळभ दाटलं, सकाळी धुकं रेंगाळलं की ढेकण्या पडतो. हा बारीक किडा मोहोराचा आणि कोवळ्या पालवीचा रस शोषतो, तुरा जळाल्यासारखा काळा पडतो. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रानं काढलेली वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ ही वाणं आता आमच्याकडेही लावली जातात, बी मोठी येते, पण ढेकण्या वाण विचारून बसत नाही. दादाला हे सगळं लगेच कळलं. अवकाळी पावसानं घडांची काय दशा होते ते त्यानं लहानपणापासून पाहिलंय. फोनवर तो म्हणाला, "म्हणजे तुम्हीही आमच्यासारखेच आभाळाकडे बघत बसणारे." त्या एका बाबतीत, हो.

शेवटाचं सांगायचं तर मे महिन्याची खात्री कुणी देऊ नये. वळिवाची एक सर आली की खाली पडलेला बोंडू सडतो, रस पाणचट होतो, बी काळी पडते. २०२५ साली मोसमी पाऊस २४ मे रोजीच केरळात पोचला आणि त्यानंतर गोव्यात यायला त्याला फारसा वेळ लागला नाही. त्याआधीच धो धो कोसळायला लागलं होतं. ज्यांच्या झाडांना उशिरा फळ लागलं त्यांची शेवटची वेचणी चिखलात गेली. त्या आठवड्यात कुणी हुर्राक प्यायला वाळपईला आलं असेल तर त्यांना मिळाली असेल छत्री.

पावसाळ्यातली वाळपई हा वेगळाच विषय, आणि ज्यांना पाऊस बघायचाय त्यांनी जरूर यावं. गोव्यात पाऊस अजूनही इंचांत मोजतात. पणजीला वर्षाकाठी सरासरी ३००० मिलिमीटर, म्हणजे ११८ इंचांच्या आसपास, आणि सह्याद्रीला टेकलेल्या वाळपईला त्याहून कितीतरी जास्त. जुलैत पेपरात 'वाळपईत पावसाचे शतक' असा मथळा येतो, क्रिकेटच्या बातमीसारखा. वाघेरीचा डोंगर आठवडाभर ढगातून बाहेर येत नाही. घाटात धबधबे कोसळतात, पण अपघात झाले की बंदीही येते, त्यामुळे निघण्याआधी चौकशी करावी. फेणी या दिवसांत बाटलीत गप्प असते. ज्यांना चुलीपेक्षा ग्लास महत्त्वाचा, त्यांनी ऑगस्टात उकड्या भाताची पेज, सुक्या बांगड्याची किसमूर आणि लहानसा पेग असा बेत करायला माझी हरकत नाही.

दक्षिणेत माडाची फेणी आहे, तिला हे हंगामाचं सोवळं नाही. रेंदेर बाराही महिने माडावर चढतो, सूर, म्हणजे माडी, काढतो, भाटी चालू राहते. रेंदेर कमी होत चाललेत, ते दुःख निराळं. पण ज्याला तारखेची खात्रीच हवी आहे त्यानं खुशाल तिकडे जावं.

माझं मत विचाराल तर मार्च अखेर ते एप्रिलचा तिसरा आठवडा. शिगमोही फाल्गुन पौर्णिमेला धरून याच सुमाराला येतो. सत्तरी-डिचोलीतल्या गावांत घोडेमोडणी असते. कमरेला लाकडी घोडा बांधलेले, डोक्यावर फुलांनी सजवलेलं पागोटं, हातात तलवार, ढोल-ताशावर पावलं टाकणारे पुरुष. भर उन्हात नाचून झाल्यावर घामाघूम होऊन ते झाडाखाली बसतात आणि 'ओस्सय' म्हणत बाकीचे पुढे जातात. सरकारी चित्ररथांची मिरवणूक शहरात बघा, पण एक संध्याकाळ गावच्या मांडावर, म्हणजे शिगमो खेळतात त्या जागेवर, काढा. पुढे एप्रिलात करवंदं, चुर्नां, कोवळ्या फणसाची भाजी, आणि मानकुराद. हापूसवाल्यांशी मी भांडत नाही. मानकुराद खाऊन झाल्यावर त्यांनी स्वतःच ठरवावं.

अडचण एकच, मुलांच्या शाळा. महाराष्ट्रात एप्रिल परीक्षांचा. आमच्याकडे २०२५ पासून बऱ्याच इयत्तांचं नवं वर्ष एप्रिलातच सुरू व्हायला लागलं, त्यामुळे आमची पोरंही या दिवसांत मोकळी नसतात. काजू वेचायला पूर्वी अख्खी सुट्टी मिळायची, आता सकाळच्या शाळेआधी तासभर वेचून गणवेश चढवतात. याबद्दल गावात बरीच नाराजी आहे आणि ती मला रास्त वाटते.

राहायला वाळपईत मोठी हॉटेलं नाहीत. सत्तरीत काही होमस्टे झालेत, कुळागरातले, ओढ्याकाठचे, एसी असेलच असं नाही. पणजीहून साखळीमार्गे कदंबची बस सुटते, फोंड्याहून उसगावमार्गेही येता येतं. बेळगावहून येणाऱ्यांना चोर्ला घाट. सकाळी सातपर्यंत भाटीवर पोचायचं असेल तर आदल्या रात्री जवळपास मुक्काम हवाच. भाटीवाल्यांना आधी विचारून जा, जाळापाशी मुलांना सोडू नका, आणि गाळणाऱ्या बाईचा फोटो काढण्याआधी एकदा तरी तिच्याशी बोला. सीमेबाहेर बाटली न्यायची तर अबकारीचे नियम आहेत, नाक्यावर गाडी तपासतात. परवाना मिळतो, तो घ्या.

दादाला मात्र तारीख हवी होती. रजेचा अर्ज दोन महिने आधी द्यावा लागतो म्हणे. मी फोन आबांच्या हातात दिला. आबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमच्याकडे फळछाटणी कधी घेतली?" दादानं सांगितलं, दसऱ्याच्या सुमारास. "मग तुम्हाला काढणीची तारीख ठाऊक असेल. आमच्याकडे अजून मोहोर यायचाय. संक्रांतीनंतर फोन करा, झाडं बघून सांगतो. आणि रजा चार दिवसांची नको, आठ दिवसांची टाका. मध्ये एखादं मळभ आलं तर?"

दादानं आठ दिवसांचा अर्ज टाकलाय. वहिनीनं फक्त एवढंच विचारलंय की होमस्टेला एसी आहे का.